मऊपणा कुठून येतो? गोधडीच्या कापडाविषयी थोडा विचार

(सावदा येथील जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातील पुनरुक्ती कमी केली आहे. शेवटी श्रोत्यांच्या दोन प्रश्नांची उत्तरे दिली आहेत.)



विषय जाहीर झाला तेव्हा एका जुन्या विद्यार्थ्याने फोन करून विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे, आणि गोधडीवर बोलणार?" मी म्हटलं, अरे, आपल्या खानदेशात या दोन गोष्टींचं नातं जुनं आहे. अमळनेरला ज्या प्रतापशेठनी कापडाची गिरणी चालवली, त्यांनीच १९१६ साली तिथे तत्त्वज्ञान मंदिर काढलं. साने गुरुजी त्या मंदिरात शिकायला आले होते. म्हणजे कापडाच्या पैशावर आपल्याकडे वेदान्ताचा अभ्यास झालेला आहे. आज थोडी परतफेड करू.

निमित्त अगदी घरगुती आहे. धाकट्या मुलाकडे बाळ यायचं होतं. सूनबाई पुण्याला. तिने बाळाच्या गोधडीसाठी मोबाइलवरून कापड मागवलं आणि इकडे पाठवलं, कारण आमच्या गल्लीत एक ताई आहेत, चाळीस वर्षं गोधड्या शिवतात. पाकिटावर छापलं होतं : शंभर टक्के कॉटन, ४०० थ्रेड काउंट, सुपर सॉफ्ट. मी हात लावून पाहिला. लोण्यासारखं मऊ. मोठ्या उत्साहाने ताईंकडे गेलो.

ताईंनी पाकीट वाचलं नाही. कापडाचा एक कोपरा अंगठा आणि दोन बोटांत धरून चोळला, मुठीत दाबून सोडला, मग त्याची चौपदरी घडी करून सुई टोचली. सुई आत जाताना बारीक आवाज आला. कापड माझ्याकडे परत देत म्हणाल्या, "सर, हे चादरीचं कापड आहे. आणि हे मऊ नाही, मऊ केलेलं आहे."

मी म्हटलं, "अहो ताई, लेबलवर लिहिलंय."

त्या म्हणाल्या, "लेबल पांघरायचं का कापड?"

मी घरी आलो. ते कापड दोनदा धुतलं. दोन मीटरचा तुकडा चार बोटं आखडला आणि लोणी कुठल्या कुठे गेलं. हाताला आता कडक, दाट, कागदासारखं काहीतरी लागत होतं. चाळीस वर्षं मी वर्गात प्रत्यक्ष आणि शब्द ही प्रमाणं शिकवली. आणि इथे मी शब्दावर विसंबलो, ताई प्रत्यक्षावर. न्यायशास्त्रात शब्द प्रमाण होतो तो आप्ताचा, म्हणजे विषय ठाऊक असलेल्या आणि खरं बोलणाऱ्या माणसाचा. लेबल बोलतं ते विकणाऱ्याच्या वतीने. त्याला आप्त कसं म्हणायचं?

पण ताईंचं वाक्य डोक्यातून जाईना. मऊ असणं आणि मऊ केलेलं असणं, यात फरक काय? हात दोन्हीला सारखाच लागतो. आजचं सगळं व्याख्यान त्या एका वाक्यावरचं भाष्य आहे असं समजा.

स्पर्श डोळ्याला दिसत नाही

पहिला मुद्दा जुन्या ग्रंथातला. तर्कसंग्रहात स्पर्श तीन प्रकारचा सांगितलाय : शीत, उष्ण आणि अनुष्णाशीत, म्हणजे थंडही नाही, गरमही नाही. पाण्याचा थंड, तेजाचा उष्ण, पृथ्वीचा आणि वायूचा अनुष्णाशीत. मग मऊ आणि कडक कुठे बसवायचं? विश्वनाथ पंचाननांच्या मुक्तावलीत याची चर्चा येते. पूर्वपक्ष असा की, कडकपणा म्हणजे अवयवांचा एक विशिष्ट संयोग, बाकी काही नाही. विश्वनाथ म्हणतात, तसं असतं तर तो डोळ्याला दिसला असता, कारण संयोग डोळ्याला दिसतो. दिसत नाही, त्या अर्थी तो स्पर्शाचाच भेद आहे.

सतराव्या शतकातला हा युक्तिवाद मोबाइलवर कापड घेणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. पडद्यावर तुम्हाला वीण दिसते, रंग दिसतो, छाप दिसतो. उभ्या-आडव्या धाग्यांचा संयोग दिसतो. मऊपणा दिसत नाही. फोटो कितीही मोठा करा, दिसणार नाही.

थंड-गरमचंही बघा. नवं पोपलीन हाताला थंड लागतं, फलालीन उबदार. पण दोन्ही एकाच कपाटात, एकाच तापमानाला पडलेली आहेत. पोपलीन गुळगुळीत, त्याचा जास्त भाग त्वचेला एकदम टेकतो, हातातली उष्णता भरकन ओढून घेतो. फलालीनला वर लव असते, लवेत हवा अडकते, कापड त्वचेला थोडंच टेकतं. म्हणजे कापड स्वतः अनुष्णाशीतच. थंडावा आणि ऊब ही तुमचा हात आणि कापड यांच्यातली देवघेव.

आधुनिक लोकांनी याचं मोजमापही केलं. मँचेस्टरजवळच्या शर्ली इन्स्टिट्यूटमध्ये पीअर्स नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी १९३० साली मांडलं की, कापडाचा हाताला लागणारा गुण मोजता येतो. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी साधी युक्ती अशी : कापडाची अरुंद पट्टी टेबलाच्या कडेवरून हळूहळू बाहेर सरकवायची आणि ती ४१.५ अंशांपर्यंत वाकायला किती लांब बाहेर यावी लागते ते पाहायचं. मऊ कापड लगेच मान टाकतं, कडक कापड लांबवर ताठ राहतं. पुढे १९७०च्या दशकात जपानच्या कावाबातांनी यंत्रं बनवली. ती ताण, वाकणं, तिरकं सरकणं, दाबणं आणि पृष्ठभाग अशा पाच अंगांनी कापड मोजतात. म्हणजे आपण ज्याला एका शब्दात 'मऊ' म्हणतो त्यात पाच वेगळ्या गोष्टी आहेत. ताईंनी चोळलं, दाबलं, सोडलं, टोचलं, तेव्हा त्या हेच करत होत्या.

उसना मऊपणा

आता मऊपणा येतो कुठून? माझ्या मते तीन ठिकाणांहून.

पहिला उसना. वेदान्तात स्फटिक आणि जास्वंदीचं उदाहरण येतं. पांढऱ्या स्फटिकाजवळ लाल फूल ठेवलं की स्फटिक लाल दिसतो. फूल उचललं की लाली गेली. ती लाली औपाधिक, बाहेरून आलेली. कारखान्यातून निघालेल्या कापडाला असं बरंच काही चिकटलेलं असतं. विणताना ताण्याचे धागे तुटू नयेत म्हणून खळ लावतात. नंतर ती काढतात, कापड उकळून, ब्लीच करून स्वच्छ करतात. मग शेवटी पुन्हा काही तरी चढवतात. स्वस्त विरळ कापड भरीव वाटावं म्हणून खळ. दाट कडक कापड मऊ वाटावं म्हणून सिलिकॉनसारखं सॉफ्टनर. चकाकी यावी म्हणून तापलेल्या रोलरांतून दाबणं. एकाच दुकानात विरळ कापड जाड वाटतं आणि कडक कापड मऊ वाटतं, ते यामुळे. यातलं बरंचसं धुण्याबरोबर उतरतं.

सगळीच प्रक्रिया फसवी असते असं मात्र नाही. मर्सराइज केलेल्या सुताला कॉस्टिक सोड्याचं पाणी देतात. त्याने चपटा, पीळ पडलेला तंतू फुगून गोल होतो, चमक येते, रंग चांगला धरतो, ताकदही वाढते. तंतूच बदललेला असल्यामुळे हे धुऊन जात नाही. तेव्हा प्रश्न नेहमी एकच विचारायचा : हे उतरणारं आहे की राहणारं?

जातीचा मऊपणा

दुसरा मऊपणा कापडाच्या जातीचा. याची मुळं थेट शेतात आहेत.

कापसाचा तंतू जितका लांब आणि बारीक, तितकं त्याचं सूत बारीक आणि गुळगुळीत निघतं. आपल्याकडे २० मिलिमीटरपर्यंतचा तंतू आखूड मानतात, साडेसत्तावीस ते बत्तीसपर्यंतचा लांब. खानदेशातल्या जुन्या देशी जाती, विरनार म्हणा, वाय-१ म्हणा, यांचा धागा त्या मानाने आखूड आणि भरड. १९७० साली एच-४ हा संकरित कापूस आला, २००२ साली बीटीला परवानगी मिळाली, आणि शेतं लांब धाग्याच्या वाणांनी भरली. गिरणीच्या दृष्टीने देशी कापूस कमी दर्जाचा. पण गादी भरणाऱ्या पिंजाऱ्याला विचारा. भरड तंतू दाबला तरी पुन्हा वर येतो, गादी लवकर बसत नाही. एकच तंतू सुतात कमी प्रतीचा आणि गादीत वरच्या प्रतीचा. दर्जा सांगताना 'कशासाठी' हे जोडल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही.

सुतानंतर नंबर. एका पौंडात ८४० यार्डांच्या जितक्या लड्या बसतात, तो सुताचा नंबर. वीस नंबर जाड, चाळीस मध्यम, ऐंशी-शंभर बारीक.

मग पीळ. इथे लोक हमखास फसतात. मलमल आणि वायल दोन्ही पातळ, दोन्ही बारीक सुताची. पण वायलच्या सुताला पीळ जास्त, म्हणून ती हाताला थोडी कुरकुरीत आणि सुटसुटीत लागते. मलमलीचा पीळ सैल, म्हणून ती अंगावर पडते, चिकटते, पाणी पटकन पिते. सैल पिळाचं सूत मऊ पण लवकर झिजणारं. घट्ट पिळाचं टिकाऊ पण थोडं रागीट.

आणि वीण. साध्या विणीत धागा एकाआड एक वर-खाली जातो, टाका जागच्या जागी धरून ठेवतो. साटीनच्या विणीत धागा बरेच धागे ओलांडून तरंगतो. त्यामुळे ते रेशमासारखं सुळसुळीत लागतं, पण तरंगते धागे नखात, कड्यात अडकतात. गोधडी ही रोज ओढायची, तुडवायची, वाळत टाकायची वस्तू. तिला साधी वीणच बरी.

थ्रेड काउंटचं कोडं आता सुटेल. तो आकडा म्हणजे एका चौरस इंचातल्या उभ्या-आडव्या धाग्यांची बेरीज. कधी कधी दुपदरी धागा दोन म्हणून मोजतात, की २०० चे ४०० झाले. आणि आकडा अगदी खरा असला तरी, इतक्या दाट कापडात हातशिलाईची सुई धाग्यांच्या मधून सरकत नाही, धागा भोसकून जाते. चार-पाच थर एकत्र शिवणाऱ्या बाईच्या बोटांना ते कळतं. चादरीला जो गुण, तोच गोधडीला दोष.

मग गोधडीला काय घ्यावं? मांजरपाट स्वस्त आणि टिकाऊ. सुरुवातीला खरखरीत, सरकीचे बारीक काळे कण दिसतात, आखडतोही बराच. पण तीन-चार धुण्यांनंतर चांगला माणसाळतो, अस्तराला उत्तम. केंब्रिक मध्यम बारीक आणि सुईला सोपं. वरच्या बाजूला मी तेच सुचवेन. पोपलीन टिकतं, रंग खुलून दिसतात, पण थरांची संख्या वाढली की जड पडतं. मलमल आतल्या थरांना आणि तान्ह्या बाळाला. एकटी वापरली तर फाटेल, चार पदर केले तर तिच्यासारखं काही नाही. खादीचं हातसूत कमी-जास्त जाडीचं, म्हणून पहिल्यांदा बोचते. धुता धुता मऊ होते. इथून जवळच फैजपूरला १९३६च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, पहिलं खेड्यातलं अधिवेशन, तेव्हा खादी-ग्रामोद्योगाचं प्रदर्शन मांडलं होतं. त्या काळच्या खादीच्या गोधड्या आमच्या लहानपणी घराघरात होत्या. जड असायच्या, पण थंडीत अंगावर घेतल्या की आपलं कोणी धरून ठेवलंय असं वाटायचं.

वापरातला मऊपणा

तिसरा मऊपणा वापरातला. तो फूल उचलल्यासारखा निघून जात नाही आणि जन्मतःही नसतो. आपल्याकडे त्याला शब्द आहे : संस्कार. शेकडो धुण्यांत खळ गेली, विणताना धाग्याला बसलेला ताण सुटला, पीळ थोडा सैलावला, तंतूंची टोकं सुटून बारीक लव आली. कापड पातळ झालं, कमजोरही झालं. जुन्या लुगड्याचा एक थर नखाने फाटतो. म्हणूनच बायकांनी त्याचे पाच-सहा थर केले आणि जवळजवळ धावदोरा घातला. एकेका थराचा अशक्तपणा टाक्यांनी भरून काढला. बंगालमधला कांथाही असाच जुन्या साड्यांतून झाला. जयपूरच्या रजईत मात्र आत पिंजलेला कापूस असतो, तिथे ऊब भरणीची. आपल्या गोधडीत ऊब थराथरांत अडकलेल्या हवेची.

माझ्या आईची एक गोधडी होती. ती गेल्यावर काही वर्षांनी, कडा पार झिजल्या म्हणून, ताईंकडून उसवून घेतली. आत वडिलांचं धोतर होतं, दोन गिरणीची लुगडी होती, एक माझा लहानपणीचा सदरा होता. आणि मधोमध एक पॉलिएस्टरची साडी, बहुधा १९८० नंतर घातलेली. तो एकच थर नव्यासारखा होता. रंगसुद्धा तसाच. पण आजूबाजूचं सगळं त्याच्यावरून सरकून गोळा झालं होतं, आणि तिथले टाके तुटलेले. ताई म्हणाल्या, "हिने कोणाला धरलं नाही, सर." सुती थर एकमेकांना त्यांच्या लवेने धरतात. गुळगुळीत थर धरत नाही. मी त्यावर फार तत्त्वज्ञान करणार नाही, तुम्ही घरी जाऊन करा.

पण एक गोष्ट सांगायलाच हवी. तो थर तिथे आला कारण घरात जुनं सुती लुगडं उरलं नव्हतं. आज तर बहुतेक घरांत ते नाहीच. हजार वेळा धुतलेलं सुती कापड हा गोधडीचा कच्चा माल होता आणि तो आता बाजारात कोणत्याही भावाने मिळत नाही. नवं कापड आणून गोधडी करायची वेळ आपल्यावर पहिल्यांदाच आलीय. पूर्वी निवड करायची गरज नव्हती, काळच निवड करून द्यायचा. आता निवड आपल्याला करावी लागते आणि आपला हात शिकलेला नाही.

हात कसा शिकवायचा

केळीचा व्यापारी घडाकडे बघतो, एक केळं बोटात धरतो आणि प्रत सांगतो. तो जन्मतः शिकून आला नव्हता. कापडाचंही तसंच. घरी करून बघा.

कापडाचा कोपरा दोन हातांत धरून जोरात चोळा. पांढरी पूड उडाली किंवा कापड एकदम मरगळलं, तर खळ होती. उजेडासमोर धरा. धागे सारख्या अंतरावर आहेत की मधे गाठी, फटी आहेत ते दिसेल. मुठीत दहा आकडे मोजेपर्यंत दाबून सोडा. शुद्ध सुती चुरगळतं; फारच कमी चुरगळलं तर मिश्रण असेल किंवा प्रक्रिया केलेली असेल. कडेचा एक धागा काढून, जपून, चिमट्यात धरून जाळा. सूत कागदासारखं जळतं आणि हलकी राख होते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. टेबलाच्या कडेवर पट्टी सरकवून दोन कापडांची तुलना करा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : वीतभर तुकडा आधी मागवा, मापून, गरम पाण्यात दोनदा धुऊन, वाळवून पुन्हा मापा. मग हात लावा. तोपर्यंतचा तुमचा स्पर्श कापडाचा नसतो, त्यावर चढवलेल्या लेपाचा असतो. गोधडीतलं प्रत्येक कापड शिवण्याआधी असंच धुऊन घ्या. एक थर आखडला आणि दुसरा नाही, तर पहिल्याच धुण्यात सुरकुत्या पडतील. गडद लाल, निळं कापड वेगळं धुवा आणि ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहा. रंग लागला तर बाळाच्या गोधडीत नको.

आता श्रोत्यांचे दोन प्रश्न घेतो.

प्रश्न : पॉलिएस्टरची गोधडी स्वस्त पडते, लवकर वाळते, वर्षानुवर्षं टिकते. मग सुतीचा आग्रह भावनेपोटी नाही का?

चांगला प्रश्न आहे. वाळते हे खरं, टिकते हेही खरं. पावसाळ्यात, प्रवासात तिचा उपयोग आहे, मी नाकारत नाही. पण कापूस नेहमीच्या हवेत स्वतःच्या वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा धरतो, पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. रात्री अंगातून निघणारा दमटपणा सुती कापड शोषून घेतं, पॉलिएस्टरखाली तो त्वचेवरच राहतो. आपल्या उन्हाळ्यात हा फरक तान्ह्या बाळाला आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाला जास्त जाणवतो, आणि नेमकी तीच दोन माणसं तक्रार नीट सांगू शकत नाहीत. शिवाय चुलीजवळ ठिणगी पडली तर पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं. एवढं लक्षात घेऊन ठरवा. यात भावना नाही.

प्रश्न : शेवटी त्या बाळाची गोधडी झाली का?

झाली. ताईंना घेऊन मी बाजारात गेलो. त्यांनी पाच दुकानं पाहिली, पाठीला केंब्रिक घेतलं, आत मलमल. आईच्या उसवलेल्या गोधडीतल्या धोतराचा जो भाग धड होता, तो बाळाच्या अंगाला लागेल असा वरच्या बाजूला लावला. सगळं दोनदा धुतलं. पंधरा दिवस टाके घातले.

पैसे देताना मी शिलाईचा हिशोब केला. मग लक्षात आलं की बाजारातली ती दुपार मी धरलीच नव्हती. ज्या ज्ञानावर मी आज तासभर तुमच्यासमोर बोललो, त्याची किंमत माझ्या हिशोबात शून्य होती. ती मी नंतर दिली, पण उशिराच सुचलं. तुम्ही गोधडी शिवायला टाकणार असाल तर एवढं करा : कापड आणायच्या आधी शिवणाऱ्या बाईंना विचारा, शक्य तर त्यांना दुकानात सोबत न्या, आणि त्या वेळेचेही पैसे द्या.